मावशीचा तवा

“खाले नको आनू! मी सांगस नही तवलोंग खाले नको आनू!”

दादा ओरडत होता. माझा थोरला भाऊ ओरडतो म्हणजे काय करतो, हे ज्यानं ऐकलेलं नाही त्याला खरं सांगितलं तरी थाप वाटेल, म्हणून मी निम्मंच सांगतो. सुरतेतल्या बमरोलीच्या त्या गल्लीत दोन्ही अंगांनी माग धडधडत होते, आणि तरीही नाक्यावरच्या चहावाल्यानं दचकून गॅस बंद केला. कांतीभाईचा हात प्रेसच्या दांड्यावर होता तिथंच थिजला.

“काका, बूमो केम पाडो छो? हजी हाथ पण नथी लगाड्यो,” कांतीभाई कळवळून म्हणाला. ओरडता कशाला, अजून हातसुद्धा लावला नाही. दादाला त्यातलं अक्षर पोचलं नाही. त्याला स्वतःचं ओरडणंही नीट पोचत नाही. म्हणून तर तो ओरडतो.

कांतीभाईची प्रेस साड्यांवर सोनेरी चकाकी चिकटवायची आहे. खाली जाड गादीचा पाट, वर तापणारा लोखंडी पाट. दिवसभर साड्यांचे पदर त्या दोहोंच्या मध्ये जातात आणि खोटं सोनं लेवून बाहेर येतात. त्या दुपारी मात्र गादीवर साडी नव्हती. मलमलच्या घड्यांमध्ये दोन काचा होत्या आणि काचांच्या मध्ये आमचा तवा होता. तवा म्हणजे रेकॉर्ड, तबकडी. आमच्या घरात तिला दुसरं नाव कधी नव्हतंच. काचा होत्या आबांच्या आणि मायच्या फोटोंच्या. दादानं सकाळी भिंतीवरचे दोन्ही फोटो उतरवले, खिळे उपसले, काचा राखेनं घासल्या आणि आईबापांना तसंच उघड्या तोंडानं कपाटाला टेकवून ठेवलं. वहिनी त्यांच्याकडे बघून म्हणाली, “आज त्यास्ले जरासा वारा तरी लागी.”

तवा वाकलेला होता. वाकलेला म्हणजे कसा, तर कढईत सोडलेला पापड ज्या क्षणाला अंग आखडून घेतो, त्या क्षणी कुणी त्याला थांब म्हणावं आणि त्यानं ऐकावं, तसा. नवागामची आमची जुनी खोली रिकामी करताना माळ्यावर, पत्र्याच्या पोटाला लागून ठेवलेल्या साडीच्या खोक्यात तो निघाला. इतके उन्हाळे सुरतेचा पत्रा डोक्यावर घेऊन माणसं वाकतात, तव्याचं काय घेऊन बसलात. खोकं उघडलं तेव्हा आधी डांबराच्या गोळ्यांचा वास आला, मग घासलेटाचा, आणि अगदी तळातून कांजीचा, सुताला लावतात त्या आंबूस कांजीचा. तो वास आला आणि मी माळ्यावर तसाच उकिडवा बसून राहिलो. खालून वहिनी विचारत होती, भाऊजी, साप बीप निघाला का काय.

साप निघाला असता तर बरं, असं नंतर मला वाटलं. कारण तवा बघून दादा म्हणाला, “माले एक डाव मावशी आयकानी शे.”

मावशी म्हणजे त्या तव्यात गाणारी बाई. हे साधं वाक्य नव्हतं. त्याच्या आधीच्या आठवड्यात आम्ही त्याला कानाच्या डॉक्टरकडे नेलं होतं. सगळा जन्म मागांच्या मध्ये उभा राहून काढलेला माणूस. डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं, की बारीक, उंच आवाज केव्हाच गेलेत. जाडे, खालचे आवाज थोडे उरलेत, तेही फार दिवस राहणार नाहीत. कानात घालायचं यंत्र दिलं, तर दादा म्हणाला यात सगळी सुरत एकदमच भांडते, आणि काढून खिशात टाकलं.  

मी म्हटलं, सावलीत जड वजनाखाली महिनाभर ठेवू, आपोआप सरळ होईल.

“महिना? मना कान महिनाभर थांबतीन का?” दादा म्हणाला, आणि रिक्षा बोलावली.

म्हणून आम्ही तिथं उभे होतो. ताप जास्त झाला तर तव्यावरच्या रेघा पुसून जाणार. कमी झाला तर तो वाकडाच राहणार. दाब चुकला तर काच फुटून त्याच्या अंगात शिरणार. जगात याच्यासारखे हजारो तवे असतील, पण त्याचं नाव आम्हाला ठाऊक नव्हतं. मधल्या कागदावरची अक्षरं एका वर्षी घरात शिरलेली तापी धुऊन घेऊन गेली. उरलं होतं ते एक चित्राचं भूत. मी त्याला घोडा म्हणायचो, दादा गिटार म्हणायचा. नाव माहीत नसलेली वस्तू दुकानात कशी मागणार? घोडा द्या म्हणून?

कांतीभाईनं प्रेसची वीज बंद करून ठेवली होती. उरलेल्या उबेवर काम करायचं ठरलं होतं. दादा दर थोड्या वेळानं वरच्या पाटाच्या खाली तळहात नेऊन ऊब बघत होता, भाकरी टाकण्याआधी बायका बघतात तशी.

“पापड शेकवानो छे के शुं?” कांतीभाईनं मला डोळा मारला.

मी हसलो नाही. मला हसू येईना, यावरून काय ते समजा.

तो तवा घरात आला कसा, याच्या तीन हकिकती आहेत आणि तिन्ही मीच सांगत आलो. एकीत आबांनी एका पारशी बाईंचं कपाट चार मजले पाठीवरून उतरवलं आणि त्यांनी खुश होऊन तो दिला. दुसरीत हजिऱ्याला लागलेल्या बोटीवरचा एक गोरा खलाशी आमच्या मायच्या हातची शेवभाजी खाऊन घामाघूम झाला आणि रडत रडत तवा ठेवून पळाला. तिसरीत तो तापीच्या पुरातून, एका भोपळ्यावर बसून आमच्या उंबऱ्याला येऊन लागला. खरी कुठली ते विचारू नका. तिन्ही ठिकाणी मी हजर होतो.

पण तो पहिल्यांदा वाजला कसा, त्यात मात्र मला पदरचं काही घालावं लागत नाही.

वाजवायचं यंत्र आबांनी स्वतः बांधलं. लाकडी पेटी कुणाची तरी, सुईचा हात जुन्या बाजारातला, भोंगा मंडपवाल्याकडून मागून आणलेला आणि मोटर बॉबिन भरायच्या यंत्रातली. आबा माग चालवायचे. त्यांचं सगळं अंगच त्या वेगाला सरावलं होतं. हळू फिरणारी कुठलीही वस्तू त्यांना बिघडलेली वाटे. पंखा हळू फिरला की ते उठून त्याला काठीनं ढोसत. त्यांनी तव्याखालची चकती चालू केली, जरा वेळ मान वाकडी करून बघितलं, आणि म्हणाले, “आजारी शे हाई.” मग पट्टा बदलला. पुन्हा बदलला. चकती मागासारखी, मन लावून, घाईनं फिरायला लागली तेव्हा त्यांचा चेहरा उजळला. “आते बरी झायी.”

आणि सुई टेकली.

आधी खरखर आली, तव्यावर मोहरी पडावी तशी. मग ढोल. ढोल म्हणजे आपला ढोल नाही. कुणीतरी रागावलेल्या माणसानं घरातली सगळी भांडी एकापाठोपाठ एक, पण ताल न चुकता फेकून द्यावीत, तसा. मागून तारेचं वाद्य, मागावरचा धोटा या टोकाकडून त्या टोकाकडे सुसाटत जातो तसं. आणि मग ती. उंच, बारीक, धारदार. भाताच्या खळीत काचेची पूड कालवून दोऱ्याला चोळावी आणि तो दोरा उन्हात ताणून धरावा, त्याला आवाज फुटला तर तो तिच्यासारखा असेल. ती काय म्हणत होती ते कुणालाच कळलं नाही. ती चिडली होती एवढं सगळ्यांना कळलं. गल्लीतल्या बायका नळावरून हंडे घेऊन दारात येऊन उभ्या राहिल्या. एकीनं विचारलं, “कोन वं हाई?”

माय म्हणाली, “गोरी मावशी.”

झालं. बारसं झालं. त्या दिवसापासून नवागामच्या आमच्या ओळीत तिला दुसरं नाव नव्हतं. मावशी लाव. मावशी बंद कर, पोरगं झोपलंय. आज मावशीचा गळा बसलाय, सुई बदला. वहिनी तेव्हा वहिनी नव्हती, पलीकडच्या ओळीत राहायची, झिपरी आणि भांडखोर. तिनं मावशीच्या चालीवर आपले शब्द बसवले होते. मावशी तिकडं परदेशात कशावरून कोण जाणे चिडायची, आणि नळावर रांगेत उभी राहून ही गायची, “नळ उना नही वं माय, नळ उना नही.” नळाला पाणी आलं नाही गं आई, एवढंच. बायकाही गायच्या. माझं आजही ठाम मत आहे, की ते शब्द मूळच्यापेक्षा चांगले होते.

आणि उत्तरायण, म्हणजे पतंगांची संक्रांत.

सुरतेचं उत्तरायण ज्यानं पत्र्यावरून बघितलं नाही त्यानं गच्च्यांच्या गोष्टी मला सांगू नयेत. आम्हाला गच्ची कुठली? आम्ही पत्र्यावर चढायचो, जिथं खाली वासा आहे तिथंच पाय ठेवायचा, वासे सगळ्यांना पाठ. जानेवारीचं ऊन लिंबासारखं कोवळं. उसाची चोयटी, तिळाचे लाडू, शेजारच्या काकींनी वर चढवलेलं उंधियूचं पातेलं, कोवळ्या ज्वारीचा पोंक, त्यावर शेव. बोटांना मांज्याचा गुलाबी रंग आणि त्या रंगाखाली कापलेल्या रेघा, त्यांच्यात मीठ-लिंबू गेलं की येणारी झणझण. आणि चारही दिशांनी भोंगे. या गल्लीचा भोंगा त्या गल्लीच्या भोंग्यावर तुटून पडायचा. त्यांच्याकडे सिनेमाची गाणी, गरबे, भजनं, सगळं होतं. आमच्याकडे मावशी होती.

दादा तिला कधीच लवकर सोडत नसे. पलीकडच्यांना दुपारपर्यंत गाजू द्यायचा. त्याचं तेव्हा भरघोस केसांचं डोकं, निळा शर्ट, पायजम्याचा एक पाय वर खोचलेला. सुईला त्याच्याशिवाय कुणी हात लावायचा नाही, आबांनीसुद्धा नाही. तो तवा दोन्ही तळहातांच्या कडांनी धरून आणायचा, नवजात पोर धरतात तसा, फुंकर घालायचा, आणि वर आभाळात पेच अगदी रंगात आला की सुई टेकवायचा. मावशी सुटली, की पहिल्याच किंकाळीला आजूबाजूचे भोंगे गप्प व्हायचे. कबुतरं उधन्याकडे उडून जायची आणि संक्रांत संपेपर्यंत परत यायची नाहीत. पतंग आपापले कापले जायचे. एकदा तर पलीकडच्या पत्र्यावरच्या पैलवानाच्या हातातली फिरकी सुटून थेट पातेल्यात पडली, आणि आम्ही नंतर गुलाबी उंधियू खाल्लं. हसा. वहिनीला विचारा, तिनंच वाढलं होतं.

त्या वेळी दादाकडे बघायला हवं होतं. तो पतंगांकडे बघत नसे. भोंग्याच्या गळ्यावर हात ठेवून, मान जरा खाली घालून उभा असे, आणि त्याचा चेहरा असा होई, की मला त्याच्याकडे बघायची लाज वाटे. दुसऱ्याच्या घरात चुकून डोकावल्यासारखी.

“आते,” दादा म्हणाला.

कांतीभाईनं दांडा खाली घेतला. वरचा पाट उतरला. लोखंड, मलमल, काच, तवा, काच, मलमल, गादी. एवढंसं काम, पण गल्लीतले सगळे माग त्या वेळी मला माझ्या बरगड्यांत ऐकू आले. गरम सुती कापडाचा वास सुटला, इस्त्रीच्या दुकानात येतो तो. मी त्या वासाच्या खाली दुसरा वास शोधत होतो, जळक्या प्लास्टिकचा. माझं नाक तेव्हा इतकं ताणलं गेलं होतं, की पलसाण्याच्या रंगाईच्या कारखान्यात कुठला रंग उकळतोय तेही मी सांगितलं असतं. दादानं पाटाच्या कडेवर हात ठेवला होता. डोळे मिटलेले.

“बस?” कांतीभाईनं खुणेनं विचारलं.

दादानं मान हलवली. नाही.

कट्.

अगदी बारीक आवाज. बोराची बी दाताखाली फुटावी एवढा. कांतीभाईनं माझ्याकडे बघितलं, मी कांतीभाईकडे. दादानं काहीच ऐकलं नव्हतं. तो तसाच उभा, डोळे मिटून, पाटावर हात ठेवून, त्याच जुन्या चेहऱ्यानं. काच गेली होती. एक की दोन्ही, वरची की खालची, आणि तिच्याखाली काय उरलं होतं, काहीच कळायला मार्ग नव्हता. मी त्याच्या दंडाला धरलं.

“काच!” मी त्याच्या कानाशी ओरडलो.

त्यानं डोळे उघडले. माझा हात काढून बाजूला ठेवला, एखादी पिशवी ठेवावी तसा. “राहू दे,” म्हणाला. “ऊब निंघी जावू दे.”

मग आम्ही नुसते थांबलो. लोखंड निवायची वाट बघण्याइतकं लांबलचक काम जगात नसेल.

दादा मागावर गेला त्या सुमारास आबा घरी बसले. कसं, का, ते राहू द्या. दादा निळा शर्ट घालूनच गेला आणि संध्याकाळी आला तो करड्या शर्टात. रुईनं रंग बदललेला. डोक्यावर, भुवयांवर, पापण्यांवर तीच रुई. जेवताना तो मोठ्यानं बोलायला लागला. आम्ही म्हणायचो, ओरडू नको, आम्ही समोरच आहोत. मागांनी त्याच्याकडून आवाज एकदम नाही नेले. निवडून निवडून नेले, बारीक आधी. चिमण्या गेल्या. कुकरची शिट्टी गेली. दाराची घंटी गेली. वहिनीच्या बांगड्या गेल्या, आणि मग एक दिवस वहिनीच गेली. म्हणजे होती समोर, ताट वाढत होती, बोलत होती, पण त्याच्यापर्यंत येत नव्हती. वहिनीचा आवाज तसा बारीक. त्याला सुरुवातीला वाटलं, की ती रुसलीय. पुष्कळ दिवस तो तिची समजूत काढत होता.

तोवर यंत्रही उरलं नव्हतं. मोटर कधीतरी परत बॉबिन भरायला गेली. भोंगा मंडपवाल्यानं नेला. तवा खोक्यात गेला आणि खोकं माळ्यावर. मी कापड बाजारात बोलून बोलून पोट भरायला लागलो, आणि गिऱ्हाईक कंटाळलं की त्याला मावशीची गोष्ट सांगायचो. तिचे केस कमरेपर्यंत होते. ती गाताना काचेचे पेले फुटत. तिनं लंडनहून आबांना पत्र पाठवलं होतं. बाजारातला निम्मा माल मी मावशीच्या जोरावर खपवला आहे.

पाट वर गेला.

मलमल उलगडली. आबांच्या फोटोची काच एका कोपऱ्यातून तिरकी तडकली होती. मायची शाबूत. दादानं तुकडा उचलून बाजूला ठेवला, आणि तवा दोन्ही तळहातांच्या कडांनी धरून उजेडात आडवा नेला. आम्ही तिघं वाकून बघत राहिलो. काठाला एका जागी अजून लाट होती, मऊ, झालरीसारखी. पण आत सगळं सपाट होतं, आणि रेघांवरून उजेड फिरत होता. पाण्यावरून फिरतो तसा.

“लो, काका, पापड तैयार,” कांतीभाई म्हणाला आणि त्यानं पहिल्यांदाच मोठा श्वास सोडला.

दिंडोलीला माझ्या घरी माझ्या मुलीनं तवे वाजवायचं यंत्र घेतलेलं आहे. हल्लीच्या पोरांना ही नवी हौस. मिठूला मी लहानपणापासून मावशी पाजलेली, त्यामुळं ती दारातच उभी होती. रिक्षात दादानं तवा मांडीवर घेतला होता आणि प्रत्येक खड्ड्याला तो स्वतः हवेत उचलला जात होता, तवा नाही. कसं ते मला विचारू नका, मी डोळ्यांनी बघितलं. वहिनी मागच्या रिक्षातून आली.

“पप्पा, तुम्ही आघा खसो ना,” मिठूनं मला ढकलून बाजूला केलं. “मोठे पप्पा, तुम्ही इथं बसा. इथं हात ठेवा. हां, असा, स्पीकरवर.”

तिनं सुई टेकवली. सुई काठाच्या लाटेवर चढली, घसरली, टक् टक् करत राहिली. पहिलं गाणं गेलं म्हणायचं. मिठूनं ती उचलून आत ठेवली. खरखर. मोहरी. मी डोळे मिटले. माझ्या पायाखाली वासे आले.

ढोल आला. पण तो हळू आला. रागावलेला माणूस म्हातारा झाला होता, एकेक भांडं उचलून, विचार करून टाकत होता. मग तारा, जड, ओल्या दोरीसारख्या. आणि मग ती.

ती नव्हतीच. एक पुरुष होता. नुकताच झोपेतून उठून, घशातला कफ न काढता गायला लागलेला, जाड, खोल, सावकाश.

 मिठूनं माझ्याकडे बघितलं. “पप्पा,” ती हळूच म्हणाली, “ही तुमची मावशी?”

मी चौथी हकिकत सुरू करायला तोंड उघडलं.  आणि त्याच वेळी दादा ओरडला, इतक्या जोरात की खालच्या मजल्यावरचं कुत्रं भुंकलं.

“आयकू ई ऱ्हायनं!”

ऐकू येत होतं त्याला. जाडा आवाज, खालचा आवाज, उरलेल्यांपैकी. त्याचा सबंध हात स्पीकरवर पसरला होता आणि चेहऱ्यावर ते हळूहळू चढत होतं. मग अर्ध्यातच थांबलं. भुवया जवळ आल्या.

“हाऊ बाप्या कोन शे?”

वहिनीनं माझ्याकडे बघितलं. मी पुढं झालो, दादाच्या कानाशी तोंड नेलं आणि जे तोंडात आलं ते ओरडलो, “मावशीना नवरा!”

वहिनीनं पदर तोंडात कोंबला. दादानं मात्र मान डोलावली. पटलं त्याला. नवरा आधी गाऊन घेत असेल, असतील त्यांच्यात पद्धती. तो सावरून बसला. थोडा वेळ त्यानं नवऱ्याला शिस्तीत ऐकून घेतलं. मग विचारलं, “मावशी कव्हय येई?”

“येई. आत्ते येई,” मी म्हणालो.

नवरा गात होता. दादा वाट बघत होता. एक गाणं संपलं, खरखर झाली, दादा पुढं सरकला, पुन्हा नवराच. दादा मागं सरकला. मला वाटलं, तव्याची ही बाजू अशीच संपेल, आणि मला काहीतरी आणखी मोठं सांगावं लागेल, आणि या एका माणसाला सांगायला माझ्याकडे काही उरलेलं नाही.

मिठू यंत्रावर वाकली होती. “पप्पा, आजोबांचं मशीन जोरात फिरायचं ना?” तिनं एका बटणावर बोट ठेवलं. “यानं स्पीड वाढतो. तीच होईल बहुतेक. करू?”

मला एकदम सगळं कळलं. ते बटण दाबलं की ती येणार होती. उंच, बारीक, मांज्यासारखी. आणि दादापर्यंत पोचणार नव्हती. नाही दाबलं तर दादाला ऐकू येत राहणार होतं, आणि तो तिची वाट बघत बसणार होता. मिठू माझ्याकडे बघत होती. 

“दाब वं पोरी,” वहिनी म्हणाली. “तो तिनाच करता बशेल शे.”

मिठूनं बटण दाबलं.

आणि आली. अर्ध्या शब्दावर नवऱ्याला बाजूला सारून आली, तशीच चिडलेली, तशीच तरणी. खोलीतली हवा पातळ झाली. माझ्या बोटांना झणझण सुटली, जिभेवर ऊस आला, पत्र्याचं ऊन तळव्यांना लागलं, कुठंतरी मागं आबा मान वाकडी करून “आते बरी झायी” म्हणाले. मिठू आ वासून बघत होती. तिला पहिल्यांदाच तिचा बाप खरं बोलताना सापडला होता. आणि वहिनी, गुडघे दुखतात म्हणून खुर्चीतून न उठणारी वहिनी, दादाच्या समोर उभी राहून गात होती. “नळ उना नही वं माय, नळ उना नही.” डोळ्यांतून पाणी, हात कमरेवर, नळावर उभी राहायची तशी.

दादाचा हात स्पीकरवर होता. ढोलाचे धक्के त्याच्या मनगटापर्यंत येताना दिसत होते. बाकी काही नाही. त्यानं माझ्याकडे बघितलं, मग मिठूकडे. मग वहिनीकडे. तिच्या ओठांकडे तो बघत राहिला. त्याला कळलं. कोण आलंय ते कळलं, आणि कुठवर आलंय तेही. तो हलला नाही. पुढचं गाणं लागलं, त्याच्या पुढचं; वहिनी थकून खाली बसली तरी गुणगुणत होती, आणि दादा तिच्या तोंडाकडे बघत, हात न काढता, बाजू संपेपर्यंत बसून राहिला.

सुई आपोआप उचलली गेली. तो उठला, मलमल झटकली आणि तव्याभोवती गुंडाळायला लागला. मला ते बघवेना. मी त्याच्या कानाशी गेलो.

“दादा, ते पहिलं लावू का? हळूवालं? तुले आयकू येस ते.”

“नको,” दादा म्हणाला. “त्या बाप्याले मी वळखत नही.”